तहनामा म्हणजे राज्यघटना नव्हे



यादवी युद्धाने होरपळलेल्या आणि अनेक वंशांच्या, धर्मांच्या लोकांनी गजबजलेल्या देशात लोकशाहीची घटना कशी रचावी, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा नाही. ज्यांच्या पाठीशी ना सैन्य आहे ना संख्या, त्यांचे सारे भवितव्य या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. यास्तव युरोपातील बोस्निया-हर्झेगोविना या देशाचा खटला मी आपणांपुढे मांडीत आहे. पुरावा पाहा आणि निवाडा आपणच करा.

युगोस्लाव्हिया फुटल्यानंतर 1992 ते 1995 या काळात येथे सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक (म्हणजे बहुतांशी मुसलमान) यांच्यात युद्ध पेटले. सुमारे 1 लाख माणसे मेली. 20 लाखांहून अधिक माणसे घरादारास मुकली. जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनित्सा येथे सर्ब सैन्याने सुमारे 8,000 बोस्नियाक पुरुष व मुलगे ठार केले. या कृत्यास आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2007 साली वंशसंहार ठरविले. नोव्हेंबर 1995 मध्ये अमेरिकेतील डेटन येथे तह ठरला आणि 14 डिसेंबर रोजी पॅरिसमध्ये त्यावर सह्या झाल्या. त्या देशाची राज्यघटना म्हणजे या तहनाम्याचे चौथे परिशिष्ट होय! ती इंग्रजीत लिहिली गेली आणि तिच्यावर जनतेचा कौल कधीही घेतला गेला नाही.

तहाने तोफा थांबविल्या, हे त्याचे श्रेय कोणीही नाकारणार नाही. परंतु तह हा लढणाऱ्यांमधील वाटपाचा कागद असतो. राज्यघटना ही नागरिकांच्या हक्कांची सनद असावयास हवी. डेटनने वाटपाच्या कागदालाच सनदेचा शिक्का मारला, हा माझा पहिला आरोप आहे.

वाटप कसे झाले ते पाहा. देशाचे दोन भाग केले: बोस्नियाक व क्रोएट यांचे फेडरेशन आणि सर्बांचे रिपब्लिका स्रप्स्का. राष्ट्राध्यक्षपद तिघांचे: फेडरेशनमधून एक बोस्नियाक व एक क्रोएट, आणि रिपब्लिका स्रप्स्कामधून एक सर्ब. दुसऱ्या सभागृहात 15 सभासद, प्रत्येक समाजाचे 5. कोणताही प्रस्ताव आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याच्या हितास घातक आहे असे सांगून त्यातील तिघेजण तो अडवून धरू शकतात. मग उरलेल्यांचे काय? प्रस्तावनेत त्यांच्या वाट्यास एकच शब्द आला आहे: ‘इतर’.

या ‘इतरां’पैकी दोघे न्याय मागावयास निघाले. देर्वो सेजदिच हे रोमा, म्हणजे युरोपाने शतकानुशतके गावाबाहेर ठेवलेल्या समाजाचे. याकोब फिन्सी हे ज्यू. ज्यू वंशाचे असल्यामुळे आपण उमेदवार होऊ शकत नाही, असे फिन्सी यांना निवडणूक आयोगाने जानेवारी 2007 मध्ये लेखी कळविले. पुढे हेच फिन्सी स्वित्झर्लंडमध्ये त्या देशाचे राजदूत झाले! परदेशी देशाचे प्रतिनिधित्व करण्यास लायक, स्वदेशी उमेदवारी करण्यास नालायक! 22 डिसेंबर 2009 रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा उघड भेदभाव असल्याचा निकाल दिला. विशेष म्हणजे ज्या हक्कांच्या करारावर हा निकाल उभा आहे, त्यास सर्व कायद्यांहून श्रेष्ठ स्थान याच घटनेच्या दुसऱ्या कलमाने दिले आहे. निकालास 15 वर्षे उलटून गेली, तरी ते कलम जागचे हललेले नाही.

केवळ ‘इतर’च नाडले गेले असे समजू नका. इलियाझ पिलाव हे बोस्नियाक डॉक्टर स्रेब्रेनित्सात राहतात. ते गाव रिपब्लिका स्रप्स्कात येते, म्हणून त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहता येईना. 2016 साली त्याच न्यायालयाने हाही भेदभाव ठरविला. ज्या गावातून लोकांना बंदुकीच्या धाकाने हुसकावले, त्याच गावात जो नेटाने राहिला, त्याला घटना सांगते: उमेदवार व्हावयाचे असेल तर गाव सोड. बंदुकीने जे अर्धवट ठेवले, ते कलमाने पुरे केले!

प्रतिपक्ष म्हणेल, भय खरे होते. होय, खरे होते. 2013 च्या जनगणनेत बोस्नियाक 50.1 टक्के, सर्ब 30.8 टक्के व क्रोएट 15.4 टक्के होते. अशा देशात केवळ डोकी मोजून राज्य करू लागल्यास अल्पसंख्याकांचा गळा घोटला जाईल. संरक्षणे हवीतच. मग आपल्यापैकी कोणी विचारील, राखीव जागांचा पुरस्कार करणाऱ्यांनी बोस्नियास दोष का द्यावा? उत्तर सरळ आहे. आपल्या घटनेच्या कलम 330 ने दुर्बळांसाठी दार उघडले, आणि त्या जागेवर मत देण्याचा अधिकार मतदारसंघातील सर्वांस ठेवला. डेटनने बलिष्ठांसाठी दार राखून ठेवले आणि दुर्बळांच्या तोंडावर ते लावून घेतले. एक संरक्षण आहे, दुसरी मक्तेदारी आहे. दोहोंस एकच नाव देणे ही फसवणूक होय.

दुसरा मार्ग नव्हता, हेही खरे नाही. दक्षिण आफ्रिका यादवीच्या उंबरठ्यावर उभी होती. तेथील 1993 च्या हंगामी घटनेने 400 पैकी किमान 20 जागा मिळविणाऱ्या प्रत्येक पक्षास मंत्रिमंडळात वाटा दिला. तो पक्षास दिला, वंशास नव्हे. शिवाय त्या व्यवस्थेस पाच वर्षांची मुदत घातली. 1996 च्या कायम घटनेत ती सक्तीची भागीदारी राहिली नाही. मात्र अन्यायाने मागे पडलेल्यांसाठी विशेष उपाय योजण्याची मुभा कलम 9 मध्ये आहे, आणि तिला मुदत नाही. सत्तेच्या वाटणीस मुदत, दुर्बळांच्या संरक्षणास मुदत नाही: हा विवेक आहे.

बोस्नियाने मुदत घातली नाही, त्याचे फळ 2006 साली दिसले. घटनादुरुस्तीस 42 पैकी 28 मते हवी होती, 26 पडली. दोन मतांनी सुधारणा बुडाली. मक्ता मोडावयाचा तर मक्तेदारांचीच संमती हवी, असा तो फास आहे.

म्हणून, वाचकहो, कोणत्याही देशाच्या घटनेचा मसुदा हाती आला की प्रस्तावनेतील सुंदर शब्दांवर भाळू नका. ज्याच्या मागे एकही बंदूक नव्हती, त्याला त्या मसुद्यात कोणते स्थान आहे, ते प्रथम शोधा. तो ‘इतर’ या शब्दात गाडला गेला असेल, तर युद्ध थांबले असेल, परंतु लोकशाही अद्याप आलेली नाही, हे निश्चित समजा. आणि तसे स्पष्ट बोलण्यास कचरू नका.