भिजलेली गाडी आणि घाईचा धक्का

पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्याची सकाळ किकच्या आवाजाने सुरू होते. कुणाला मुलांना शाळेत सोडायचे असते, कुणाला कामाची पाळी गाठायची असते, आणि रात्रभर पागोळ्यांखाली उभी असलेली मोटरसायकल काही केल्या चालू होत नाही.

गेल्या पावसात ही वेळ आमच्यावरही आली. आमचा धाकटा भाऊ पहाटे दुकानांना अंडी आणि पाव पोहोचवतो. मोरीवरच्या गुडघाभर पाण्यात त्याची गाडी बंद पडली. बराच वेळ किक मारून झाली, मग आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी उताराला नेली, धक्का दिला आणि त्याने गिअरमध्ये क्लच सोडला. आतून ‘खट्’ असा आवाज आला. गॅरेजच्या चाचांनी इंजिन उघडले तेव्हा कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. चाचा म्हणाले, “पाण्याने इंजिन गेले नाही, बाबांनो. तुमच्या धक्क्याने गेले.” भावाची महिनाभराची कमाई त्यात गेली, आणि गाडी गॅरेजमध्ये असेपर्यंत कामही बंद राहिले.

कारण सोपे आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी शिरले असेल तर वर येणाऱ्या पिस्टनला वाट मिळत नाही, आणि सगळा जोर रॉडवर येतो. म्हणून गाडी बंद पडली की आधी एकच प्रश्न विचारावा : पाणी कुठवर आले होते?

नुसती पावसात भिजली असेल तर

आधी हँडलवरचा लाल स्विच पाहावा. रेनकोटची बाही लागून तो बंद होतो आणि माणूस उगाच किक मारत बसतो. साइड स्टँड वर आहे ना, चावी फिरवल्यावर दिवे लागतात ना, हेही पाहावे. दिवेच लागत नसतील तर फ्यूज आणि बॅटरीची टर्मिनले तपासावीत.

हे सगळे ठीक असेल तर बहुतेक वेळा दोष प्लगच्या कॅपमध्ये असतो. चावी बंद करून कॅप ओढून काढावी आणि आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसावी. वायरला चीर गेली आहे का, तेही पाहावे. प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती पुसून घ्यावी, नाहीतर ती थेट इंजिनात पडते. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पुसून वाळू द्यावा. काही जण तो घाईने गॅसच्या शेगडीवर धरतात. घरात लेकरेबाळे असताना हा खेळ करू नये.

प्लग कोरडा करूनही गाडी चालू होत नसेल, तर पेट्रोलमध्ये पाणी उतरले असेल. पाणी जड असल्याने तळाशी बसते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून खालच्या वाटीचा स्क्रू सैल करावा आणि साचलेले पेट्रोल डब्यात काढावे. जवळपास विडी-सिगारेट नको. एअर फिल्टरही उघडून पाहावा. कागदी फिल्टर भिजला असेल तर धुऊ नये, बदलावा. इंजेक्शनच्या नव्या गाडीत मात्र इथेच थांबून मेकॅनिकला बोलवावे.

पाण्यात बुडाली असेल तर

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा दारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीला चावीही लावू नये. किक, सेल्फ, धक्का, काहीच नको. बॅटरीची वायर काढावी. गाडी हलवण्याआधी पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढून विमा कंपनीला कळवावे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. पूर्ण विमा असला, तरी बुडालेली गाडी चालू करून इंजिन बिघडले तर कंपनी ते नुकसान नाकारू शकते. म्हणून पॉलिसीचा कागद पावसाआधीच एकदा वाचून ठेवावा.

पुढचे काम मेकॅनिकचे. तो प्लग काढून, प्लगचे भोक उघडे ठेवून किक हळूहळू फिरवतो, तेव्हा आतले पाणी बाहेर येते. ऑईलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर त्यात पाणी मिसळले आहे हे नक्की. ते सगळे काढून नवे भरावे लागते, आणि गाडी थोडी चालवून पुन्हा बदलावे लागते. टाकीतले पेट्रोल काढावे लागते, ब्रेक आणि चाकांची बेअरिंगे तपासावी लागतात. हा खर्च टोचतो, पण इंजिन बांधण्याच्या खर्चापेक्षा तो पुष्कळ कमी आहे.

आता आमचा भाऊ सीटखाली एक सुके फडके आणि प्लगचा पाना ठेवतो. मोरीवर पाणी दिसले की गाडी अलीकडेच उभी करतो आणि दुकानदारांना फोन करतो, “आज अर्धा तास उशीर होईल.” त्या अर्ध्या तासासाठी आजवर एकाही दुकानदाराने त्याचे काम बंद केलेले नाही.