डोक्याला तारा लावून न्याय मिळत नाही

8 सप्टेंबर 2006. शब-ए-बरातच्या शुक्रवारी मालेगावात हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात सायकलींवर ठेवलेले बॉम्ब फुटले आणि तीसहून अधिक माणसे गेली. दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) नऊ जणांना पकडले, त्यातल्या काहींची बंगळुरूत नेऊन नार्को चाचणी केली. 25 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठही जणांना आरोपमुक्त केले. नववा त्याआधीच मरण पावला होता.

तरीही कुठे मोठा गुन्हा घडला की मागणी ठरलेली: ‘नार्को करा, पोपटासारखा बोलेल.’ या मागणीच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा, की थर्ड डिग्रीपेक्षा सुई बरी. पण सुई लाठीची जागा घेत नाही, कोठडीतल्या दिवसांनंतर ती टोचली जाते. सुईतल्या सोडियम पेंटोथाल या गुंगीच्या औषधाने संकोच सैल होतो, खोटे बोलण्याची शक्ती मात्र शाबूत राहते. शिवाय अर्धवट गुंगीत विचारणाऱ्याचेच शब्द उत्तरात उतरतात.

ब्रेन मॅपिंगचा दावा आणखी मोठा आहे. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवतात आणि डोळे मिटलेल्या माणसाला वाक्ये ऐकवतात. समजा, ‘मी सायकल कब्रस्तानाजवळ उभी केली.’ ऐकीव माहिती आणि स्वतः केलेली कृती यांतला फरक मेंदूच्या लहरींवरून कळतो, असे ही पद्धत सांगते. मालेगावात तेव्हा प्रत्येक यंत्रमागाच्या शेडमध्ये त्याच सायकलींची चर्चा होती. त्यात ज्याला आठवडेच्या आठवडे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा विचारला गेला, त्याच्या मनात तो चित्रासारखा उभा राहतो. हे चित्र अनुभवाचे की चौकशीचे, ते लहर कशी सांगणार?

पुण्यात 2008 मध्ये एका खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने शिक्षा देताना याच चाचणीचा आधार घेतला. ही पद्धत विकसित करणारे डॉ. मुकुंदन बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत विभागप्रमुख होते. त्याच निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी सांगितले, की ही पद्धत शास्त्रीय नाही, पुरावा म्हणून वापरू नये. 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंगला घटनाबाह्य ठरवले.

मग मानसशास्त्राला कोर्टाच्या दारातूनच परत पाठवावे? अजिबात नाही. निरपराध माणूस कबुली का देतो, हे मानसशास्त्रच सांगते: झोप नाही, एकांत, आणि ‘सही कर, सुटशील’ हे आश्वासन. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा ठरते, म्हणून तर न्यायाधीशांना हे ज्ञान हवेच. साक्षीदाराची स्मृती ऐकलेल्या गोष्टींनी कशी बदलते, हेही त्यांना ठाऊक हवे.

शिक्षेच्या वेळी तर या शास्त्राची गरज सर्वांत मोठी. 20 मे 2022 रोजी मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फाशीचा विचार करण्याआधी आरोपीचा मानसिक तपासणीचा अहवाल न्यायालयासमोर आला पाहिजे. मारहाणीत गेलेले बालपण, डोक्याला झालेली इजा, उपचार न झालेला आजार: यांनी गुन्हा पुसला जात नाही, पण दोरखंडाचा निर्णय घेणाऱ्याने ते वाचलेच पाहिजे. हे अहवाल नावापुरते दोन ओळींचे नकोत. बचावपक्षाच्या वकिलांनी ते मागावेत, सरकारने त्यासाठी जिल्ह्यात तज्ज्ञ नेमावेत.

आणि वाचकहो, घरातल्या कुणापुढे चाचणीच्या संमतीचा कागद आला, तर सही करण्याआधी वकील बोलवा. नकार देण्याचा हक्क घटनेच्या कलम 20(3) ने दिलेला आहे.