बिनविरोध म्हणजे कोणाच्या संमतीनं?

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की 'आमच्याकडे बिनविरोध झाली' असं मोठ्या अभिमानानं सांगतात. भांडणं टळली, खर्च वाचला, हे खरंच. पण मैत्रिणींनो, हे ठरतं कुठे? देवळात, पारावर, नाहीतर कुणाच्या ओसरीवर, रात्रीची जेवणं झाल्यावर. त्या वेळी आपण भांडी घासत असतो.

काही ठिकाणी तर चक्क लिलाव झाले. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाखांवर. पैसा म्हणे देवळासाठी! राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये दोन्हीकडची निवडणूक रद्द केली, ते बरंच झालं. कारण बोली लावून खुर्चीवर बसलेल्याला, 'नळाला पाणी का नाही, घरकुलाच्या यादीत विधवा का नाही?' असं विचारायचं कोणत्या तोंडानं? त्यानं मत मागितलेलंच नाही, आणि आपण दिलेलंही नाही.

१९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आल्या. पण जागा बाईची असली तरी बैठकीला बसतात ते पुरुषच. मग सही तिची आणि कारभार 'सरपंचपतीं'चा.

म्हणून मला थेट निवडणूक बरी वाटते. ती २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे निघाले की कामं अडतात, हा तोटा आहेच. पण सगळ्या गावानं निवडलेल्या बाईला चार सदस्य मिळून घरी बसवू शकत नाहीत, त्यांच्या अविश्वास ठरावावर ग्रामसभेचंही शिक्कामोर्तब लागतं. शिवाय मतं मागायला उमेदवाराला आपल्या दारात यावंच लागतं.

दाराशी आणखी एक गोष्ट येते, सह्यांची वही. कायद्यानं प्रत्येक नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती वहीतच उरकते. पुढच्या वेळी शिपाई वही घेऊन आला की सही करण्याआधी वरचं पान वाचायला मागा. सभा कधी झाली, कोणता ठराव झाला, आणि तो कोणी मांडला म्हणून लिहिलंय? एखादीला तिथे स्वतःचंच नाव सापडेल.