हौसेला मोल नसले तरी हिशेब असावा



चैत्र जवळ आला की आपल्याकडच्या गावागावांत पारावर एकच चर्चा सुरू होते. यंदा यात्रेला फड कोणता आणायचा? सुपारी कितीची? घरटी वर्गणी किती बसेल? मग यात्रा कमिटीची चार माणसे गाडी करून नारायणगावला जातात. तिथे पाडव्याच्या सुमारास नामांकित फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. तारखा ठरतात, विसार दिला जातो आणि गाव निश्चिंत होते.

पूर्वी हौस म्हणजे एवढीच, वर्षातून एकदा. आता तसे राहिलेले नाही. दसऱ्यानंतर तंबूचे तमाशे तालुक्याच्या गावांना फिरतात. नगरला आमच्या सावेडीत हॉलमध्ये गाण्याचे, लावणीचे, नाटकाचे कार्यक्रम होतात. ज्याला शास्त्रीय गाण्याचा नाद आहे तो १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरात पुणे गाठतो. मोटारसायकल दारात उभी असते आणि जाहिरात मोबाईलवर घरबसल्या येते. म्हणून प्रश्न विचारावासा वाटतो, की असे वारंवार जाणे आपल्या खिशाला परवडते का?

यावर आपल्याकडे दोन म्हणी तयार असतात. जायचे असले की "हौसेला मोल नसते" आणि दुसरा निघाला की "ऋण काढून सण करू नये". दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून एकाच आठवड्यात मी ऐकल्या आहेत. म्हणींनी भांडण मिटत नाही. वही काढावी लागते.

वहीचीच गोष्ट सांगतो. नगर तालुक्यातल्या एका गावात पीकनिहाय जमाखर्च कसा ठेवावा, यावर मी बोलत होतो. बियाणे, खत, मजुरी, घरच्यांची मजुरी, सगळे लिहा, "इतर खर्च" असा रकाना करून त्यात काहीही ढकलू नका, असे मी सांगितले. मागे बसलेले एक वयस्क शेतकरी उठले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या वह्या तपासता, बरं करता. पण तुमची वही कुठंय? परवा तंबूच्या दारात तुम्हीच दिसला होता की!" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन वही काढली.

त्या वर्षात मी ११ कार्यक्रमांना गेलो होतो. तिकिटांचे ४,१५० रुपये. पेट्रोल आणि भाड्याच्या गाडीचे २,९००. बाहेरच्या जेवणाचे आणि चहापाण्याचे ३,३५०. पार्किंग, पोरांचे फुगे, किरकोळ मिळून १,०००. एकूण ११,४०० रुपये. आणि हे सगळे मी कुठे लिहिले होते? "इतर खर्च" या रकान्यात! त्याच वर्षी घरच्या शिलाई मशीनची मोटर जळाली होती. पुढच्या महिन्यात बघू, असे मी पत्नीला दोनदा सांगितले होते. ती काही बोलली नाही. वहीत मात्र दोन्ही गोष्टी एकाखाली एक दिसत होत्या.

यातून पहिला धडा असा, की तिकीट म्हणजे खर्च नव्हे. माझ्या शंभर रुपयांतले छत्तीसच तिकिटाचे होते. आपण भांडतो तिकिटावरून, पैसे मात्र रस्त्यात आणि हॉटेलात जातात. ज्यांची रात्र बाटलीपाशी संपते त्यांचा हिशेब तर निराळाच. तो खर्च तमाशाच्या नावावर टाकू नये, तमाशा बिचारा फुकट बदनाम होतो.

दुसरा खर्च वहीत येतच नाही, तो शेतात उमटतो. माझ्या पाहण्यातल्या एका शेतकऱ्याचा गहू पेरून २० दिवस झाले होते. चंपाषष्ठीची यात्रा होती आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला होती. गडी यात्रेला गेला, पाळी चुकली. पुढे दोन दिवस डीपी बंद राहिली. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाण्याचा ताण बसला की फुटवे कमी येतात आणि नंतर कितीही पाणी दिले तरी ते भरून निघत नाहीत. शिवारात त्याचा गहू लांबूनच ओळखू येत होता. यात्रेला जाऊ नये असे मी म्हणत नाही. घरातल्या दोघांनी पाळी वाटून घेतली असती, तर यात्रा झाली असती आणि गहूही भिजला असता.

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? मोबाईलवर सगळी गाणी फुकट आहेत. बरोबर आहे. पण मोबाईलमधल्या सोंगाड्याला तुमच्या गावचा सरपंच माहीत नसतो. बतावणीत तो रस्त्याच्या खड्ड्यावर बोलतो, सोसायटीच्या निवडणुकीवर बोलतो, पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्याची टोपी उडवतो आणि अख्खे गाव एका वेळी हसते. ढोलकीवर थाप पडते तेव्हा ती छातीत वाजते. आजारी माणूस, भावकीत वाद असलेला माणूस, कर्जाने गांजलेला माणूस त्या घटकाभर चारचौघांत बसतो. याची किंमत किती धरायची, हे कोणत्याही विद्यापीठाच्या पुस्तकात मला सापडलेले नाही. पण ती शून्य नाही, हे नक्की.

माझे वडील पारनेर तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. वर्षातून एकच तमाशा बघायचे, यात्रेचा. बैलगाडीत आम्हाला सगळ्यांना घालून न्यायचे. एका रात्रीत बघितलेला वग ते पुढच्या खळ्यापर्यंत पुरवायचे. मळणीच्या वेळी राजा तेच, प्रधान तेच आणि सोंगाड्याही तेच. त्यांचे ते चार पैसे वर्षभर फिटत राहायचे. मी ११ कार्यक्रम पाहिले आणि वर्ष सरल्यावर मोजून तीन आठवले. आठवडाभर रोज श्रीखंड खाल्ले की आठव्या दिवशी त्याची गोडी लागत नाही, तसे झाले.

पण वडिलांच्या हिशेबातही एक चूक होती, ती मला फार उशिरा कळली. आम्ही पोरे वडिलांबरोबर तंबूपुढे बसायचो आणि आई गाडीपाशी. बायकांनी पुढे यायचे नाही, असा तेव्हाचा रिवाज. मला आठवणारे जे तीन कार्यक्रम, त्यांतला एक सावेडीतल्या हॉलमधला लोकनाट्याचा. त्या दिवशी आईला हट्टाने नेले. दुसऱ्या रांगेत बसवले. कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली, "ढोलकी इतकी वर्षं ऐकली रे, ढोलकीवाला आज बघितला." तिच्या तिकिटाला ३०० रुपये पडले होते. त्या वर्षातले माझे सगळ्यात स्वस्त तिकीट तेच, असे मी आजही म्हणतो. उत्पन्न सगळ्या घराचे आणि हौस एकाचीच, हा खर्च रुपयात लहान असला तरी महाग पडतो.

बंधूंनो, या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फडाचा धंदा आणि आपली शेती यांत फार फरक नाही. फडमालक हंगामाआधी कर्ज उचलतो. कलावंत त्याच्याकडून उचल घेतात. आपल्या पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतात तशीच. मग हंगामभर गावोगाव फिरून ती फेडायची. अवकाळी पाऊस आला की आपला कांदा भिजतो आणि त्यांचा तंबू. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन लागले. ऐन सुगीत सगळे फड घरी बसले. २०२१ चा चैत्रही तसाच गेला.

हे कलावंत काही परके नाहीत. पठ्ठे बापूरावांबरोबर ज्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले त्या पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या. कांताबाई सातारकर यांचा फड संगमनेरचा. २०२१ साली त्या गेल्या. नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी अखेरच्या दिवसांत त्यांना पैशाची ओढाताण सोसावी लागली. २००२ साली त्या गेल्या आणि पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आपण भाव पडला की रस्त्यावर येतो. मग गावात येणाऱ्या कलावंताची ठरलेली सुपारी रात्री दोन वाजता कमी करायला बसणे, "राहिलेले पुढच्या वर्षी देऊ" म्हणणे, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि यात्रा कमिटीच्या मंडळींना चार गोष्टी सांगायच्या आहेत.

वर्गणी पिकाचा अंदाज बघून ठरवावी, भावाच्या भरात ठरवू नये. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये उघडली. कांदा तेजीत असताना एका गावाने मोठ्या फडाचा बेत केला आणि चैत्रात वर्गणी मागायची वेळ आली तेव्हा लोकांच्या हातात पट्टी होती, पैसे नव्हते. कोणाची ऐपत नसेल तर त्याचे नाव फळ्यावर लावून त्याला लाजवू नये. फळ्यावर लावायचाच असेल तर यात्रेचा जमाखर्च लावावा, तोही यात्रा संपल्यावर आठ दिवसांत.

कार्यक्रम वेळेवर सुरू करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. वर्षातले ठराविक दिवसच रात्री १२ पर्यंत सवलत मिळू शकते. आपल्याकडे नऊपर्यंत सत्कार चालतात. हार-तुरे, शाल, नारळ आणि प्रत्येकाची दोन शब्दांची वीस मिनिटे. मग गण-गवळण घाईत, बतावणी कापलेली आणि वग लागायच्या आत पोलीस दारात. पैसे पूर्ण फडाचे दिले आणि निम्माच तमाशा पदरात पडला, याला व्यवहार म्हणत नाहीत. सत्कार सकाळी देवळात उरकावेत.

तिसरे म्हणजे, बायाबापड्यांना पुढे जागा द्यावी आणि शिट्ट्या मारणाऱ्या, खडे फेकणाऱ्या टोळक्याला बाहेर काढण्याची जबाबदारी गावाने घ्यावी. सगळे गाव बसू शकत नसेल तर सगळ्या गावाची वर्गणी घेण्याचा अधिकार काय? आणि चौथे, कलावंतांना ठरलेले पैसे, जेवण आणि राहायला निवाऱ्याची जागा, यात कसूर नको.

आता तुमच्या-माझ्या घरापुरते. वारंवार जावे की नाही, याला माझे उत्तर असे की किती वेळा गेलात यापेक्षा पैसे कशातून आले, हे आधी बघा. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत कापणीनंतरच्या आणि घरगुती गरजांसाठी १० टक्के धरलेले असतात, असे काही जण मला सांगतात. खरे आहे, पण ते कर्जच आहे, बक्षीस नव्हे. पीककर्ज, उसाची उचल, दुकानदाराची उधारी यांतून तिकीट काढू नये. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, वर्षात ३६ वेळा. दर पगाराला ५० रुपये डब्यात टाकले तर वर्षाला १,८०० रुपये होतात. त्यात घरच्या सगळ्यांचे दोन चांगले कार्यक्रम, भाकरी घरून बांधून नेली तर, आरामात बसतात. डबा रिकामा झाला की त्या वर्षाची हौस संपली. ज्याचा डबा मोठा त्याने चार वेळा जावे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

निघण्याआधी पाण्याची पाळी आणि जनावरांचे चारापाणी कोण बघणार, हे ठरवावे. गेलात तर नमनापासून वगाच्या शेवटापर्यंत बसावे आणि मोबाईल खिशात ठेवावा. आल्यावर वहीत वेगळा रकाना करावा, त्याला सरळ "हौस" असे नाव द्यावे. माझ्या वहीत आता तो आहे. गेल्या वर्षी त्यात चार नोंदी झाल्या आणि चारही कार्यक्रम मला आठवतात. शिलाई मशीनही सुरू आहे.

हौस लपवली की ती कर्जात जाते. तिला वहीत जागा द्या, म्हणजे ती आपल्या जागेवर राहील. येत्या यात्रेला भेटूच. शक्य झाले तर घरच्या मंडळींना पुढच्या रांगेत बसवून भेटा.