विश्लेषण : छोट्या कार्यालयाचा फाइल सर्व्हर… ‘चालू आहे’ म्हणजे सुरक्षित आहे का?

३१ मार्च हा दिवस जगभर ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. भारतात याच दिवशी आर्थिक वर्ष संपते. सनदी लेखापालांची कार्यालये, पतसंस्था, छोटे कारखाने यांचे सर्व्हर त्या काळात वर्षातला सर्वाधिक ताण सोसत असतात. तरीही टेबलाखाली किंवा माळ्यावर ठेवलेल्या या यंत्राकडे ते बंद पडेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. त्याची नियमित देखभाल म्हणजे नेमके काय आणि ती टाळल्यास काय होऊ शकते, याविषयी…

फाइल सर्व्हर म्हणजे काय?

पाच-दहा संगणकांच्या कार्यालयात सगळ्यांच्या फाइल एकाच जागी ठेवणारे यंत्र म्हणजे फाइल सर्व्हर. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, पावत्या, करारपत्रे, ग्राहकांची ओळखपत्रे असे सारे त्यावर असते. काही ठिकाणी त्यासाठी जुनाच संगणक वापरतात, तर काही ठिकाणी दोन किंवा चार डिस्कचा ‘नॅस’ नावाचा छोटा डबा. सगळे एकाच जागी असल्याने काम सोपे होते, पण ते एक यंत्र गेले तर सगळ्यांचेच काम थांबते.

दोन डिस्क असताना वेगळा बॅकअप कशाला?

बहुतेक सर्व्हरमध्ये ‘रेड’ ही व्यवस्था असते. तिच्या साध्या प्रकारात एकच मजकूर दोन डिस्कवर लिहिला जातो. एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. मात्र खरा धोकाही तिथेच असतो. काम चालू असल्याने लाल किंवा नारिंगी दिव्याकडे कुणी पाहत नाही. दोन्ही डिस्क बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, म्हणजे एकाच वयाच्या असतात. दुसरीही बिघडली की सगळेच संपते. शिवाय कुणी चुकून फोल्डर पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. आग, चोरी, विजेचा झटका यांपासूनही ‘रेड’ वाचवत नाही. त्यामुळे ‘रेड’ला बॅकअप म्हणता येत नाही.

मोठ्यांकडूनही चुका होतात?

होतात. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना आग लागली आणि ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही सेवा त्यात जळाली. तिच्यावर ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची प्रत दुसरीकडे नव्हती.

‘गिटलॅब’ या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण वेगळे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरील डेटा पुसला. बॅकअपचे अनेक मार्ग कागदावर होते, पण त्यातील बरेच प्रत्यक्षात चालतच नव्हते आणि अपयशाच्या सूचनाही कुणाला मिळत नव्हत्या. योगायोगाने काही तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या माहितीपुरते राहिले. कंपनीने हे सारे स्वतः जाहीर केले. पुन्हा उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही, हा त्याचा धडा.

सुरक्षा अद्यतने किती महत्त्वाची?

‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर १२ मे २०१७ रोजी पसरले ते विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतील त्रुटीतून. त्या त्रुटीवरचे अद्यतन मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. ज्यांनी ते दोन महिन्यांत बसवले नाही, ते सापडले. विंडोज सर्व्हर २०१२ चे नियमित अद्यतन १० ऑक्टोबर २०२३ रोजी, तर विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. अशी यंत्रे व्यवस्थित चालतात, पण नवी त्रुटी सापडली की उघडी पडतात.

असे सॉफ्टवेअर एका संगणकात शिरले, तर त्या संगणकाला दिसणारी सर्व्हरवरील प्रत्येक फाइल ते कुलूपबंद करू शकते. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली यूएसबी डिस्कही त्यातून सुटत नाही. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत कार्यालयाबाहेर हा ‘३-२-१’ नियम सांगितला जातो. त्यातील किमान एक प्रत काढून ठेवलेली असावी.

कायदा काय सांगतो?

इलेक्ट्रॉनिक हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे ऑगस्ट २०२२ मधील नियमदुरुस्तीने बंधनकारक झाले. त्याआधी ‘ठरावीक काळाने’ असा शब्द होता. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारख्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ही जबाबदारी १८ महिन्यांनी लागू होते.

देखभालीचे वेळापत्रक कसे असावे?

रोज : रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला का, हे सकाळी पाहणे.

आठवड्याला : डिस्कची प्रकृती, दिवे आणि मोकळी जागा तपासणे. डिस्क भरत आली की कामाचा वेग मंदावतो आणि बॅकअपही अडतो.

महिन्याला : अद्यतने बसवणे, पण त्याआधी ताजा बॅकअप घेणे. हे काम शनिवारी संध्याकाळी करावे. जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर नको. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करावीत. बॅकअपमधून चार-पाच फाइल परत आणून उघडून पाहाव्यात.

तिमाहीला : धूळ काढणे आणि यूपीएसची चाचणी. त्याची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते; कोंदट, गरम खोलीत त्याहूनही कमी. यूपीएस आणि सर्व्हर केबलने जोडून तशी सोय चालू केली, तरच वीज गेल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद होतो.

वर्षाला : संपूर्ण डेटा दुसऱ्या यंत्रावर परत आणून किती तास लागतात, ते मोजणे.

जबाबदारी कुणाची?

छोट्या कार्यालयांत खरी अडचण इथे आहे. वार्षिक दुरुस्ती करारात यंत्राची दुरुस्ती येते. त्यावरील माहितीची हमी सहसा नसते. सर्व्हर बसवणारा माणूस काम सोडून जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. त्यामुळे एका कर्मचाऱ्याचे नाव ठरवून वही ठेवणे, त्यात तारखेसह नोंद करणे आणि पासवर्ड बंद पाकिटात मालकाकडे असणे आवश्यक ठरते. यातील रोजच्या कामाला पाच मिनिटे पुरतात. डेटा गेल्यावर मात्र वर्षभराच्या पावत्या पुन्हा एकेक करून भराव्या लागतात, तेही त्या कागदावर शिल्लक असतील तर.