एक वाजता परत

"पोचलास का वर?" बाबांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला.

"नाही, बाबा."

"मंग कायले गेला होतास गा एवढ्या थंडीत?"

प्रश्न रास्त होता. डिसेंबरात भंडाऱ्याकडे स्वेटर निघतात, सकाळी अंगणात शेकोटी पेटते, आणि आपण म्हणतो, यंदा काय थंडी आहे बापा! मी ज्या थंडीतून आलो होतो तिथे बाटली पाठपिशवीत उलटी ठेवावी लागते. बर्फ वरून धरतो, बाटली सरळ ठेवली तर आधी तोंडच गोठतं. आईच्या पद्धतीने केलेले तिळाचे लाडू दगड झाले होते. चावण्याआधी ते खिशात ठेवून उबवावे लागत होते.

डोंगराचं नाव माउंट लाफायेत. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातला, उंची साधारण १६०० मीटर. आपल्या कळसूबाईएवढाच म्हणा ना. पण याच रांगांमध्ये पुढे जो माउंट वॉशिंग्टन आहे, त्याच्या माथ्यावर १९३४ च्या एप्रिलमध्ये वाऱ्याचा वेग ताशी ३७२ किलोमीटर मोजला गेला होता. त्यामुळे उंचीवर जाऊ नये.

आम्ही चौघे. चौघेही कामाच्या व्हिसावर आलेले, चौघेही आठवडाभर खुर्चीत बसणारे. गाडी लावली तिथेच ठरलं होतं, कुठेही असलो तरी एक वाजता परत फिरायचं. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, उतरायला तीन तास लागतात. हिशेब सोपा होता. बुटांना काटेरी साखळ्या बांधल्या, घामाने ओला होऊन गारठवणारा एकही सुती कपडा अंगावर नाही ना हे तपासलं आणि निघालो.

हिवाळ्यात बंद असणाऱ्या झोपडीपाशी पोचेपर्यंत साडेबारा झाले. तिथून माथा दीड-पावणेदोन किलोमीटर. झाडं संपली, वारा सुरू झाला. ढग हलला की माथा दिसायचा, अगदी हात लांबवला तर लागेल असा. आणि एक वाजला.

"अर्धाच तास रे," माझा मित्र म्हणाला. "एवढे आलो, आता काय परत जायचं?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. त्याच वेळी दोघंजण आम्हाला ओलांडून वर निघून गेले. दहा मिनिटं आम्ही त्या वाऱ्यात उभे राहून वाद घातला. शेवटी चौघांतली जी सगळ्यात शांत होती ती म्हणाली, "सकाळी गाडीपाशी आपल्या डोक्यात जास्त अक्कल होती. तिचं ऐकू या." आणि ती खाली चालायला लागली. तिच्या मागे आम्ही.

चार वाजता झाडीत कपाळावरचे दिवे लावावे लागले. पाचच्या आधी गाडीपाशी. आम्हाला ओलांडून गेलेले दोघे थोड्या वेळाने हसत हसत उतरले. माथा गाठून, सुखरूप.

म्हणजे आमचं चुकलं का? मित्राचं मत आजही तेच आहे. माझं नाही. ते दोघे सराईत होते, त्यांचा वेग आमच्या दुप्पट होता. आणि तसं नसतं, तरीही निर्णय बरोबर की चूक हे तो घेताना काय माहीत होतं त्यावर ठरतं. नंतर काय झालं त्यावर नाही.

गिर्यारोहणात या नियमाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९६ सालच्या मे महिन्यात योरान क्रोप नावाचा स्वीडिश माणूस एव्हरेस्टवर होता. स्वीडनहून सायकलने आलेला! ३ मे रोजी माथा साधारण शंभर मीटर उरलेला असताना दुपार कलली म्हणून तो परत फिरला. आठवड्याने, १० मे रोजी, रॉब हॉल आणि स्कॉट फिशर या नामांकित वाटाड्यांच्या तुकड्या निघाल्या. दुपारी दोनला परत, हे त्यांच्यात बोललं गेलं होतं. बरेच जण दोननंतरही चढत राहिले. वादळ आलं. दोन दिवसांत त्या डोंगरावर आठ माणसं गेली. त्यात ते दोघे वाटाडे होते, आणि पलीकडच्या बाजूने चढणारे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन जवानही. क्रोप २३ मे रोजी पुन्हा गेला आणि माथ्यावर पोचला.

हे सगळं मी बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "आंबागड आठवते का?"

आठवतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. एका वर्षी त्यांनी आमची सहल काढली. आधी गायमुख, मग आंबागड. गोंड राजा बख्त बुलंद शाहाच्या काळातला किल्ला, सातपुड्याच्या टेकडीवर, भोवती जंगल. गायमुखला दर्शनात आणि जेवणात वेळ गेला. गडाच्या अर्ध्या वाटेवर बाबांनी घड्याळ पाहिलं. चार वाजले होते. "चला खाली." पोरं रडकुंडीला आली. भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवायचे, ती जागा आम्हाला बघायची होती! बाबा ढिम्म. पुढच्या वर्षी त्यांनी सहल उलटी नेली. आधी आंबागड, मग गायमुख.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी एवढं दळण दळलं.

२०१६ साली मी एच-वन-बी व्हिसावर इकडे आलो तेव्हा तुमसरच्या घरी, बैठकीत बसून, बायकोने आणि मी ठरवलं होतं, पाच वर्षं. घराचं कर्ज फेडायचं, थोडी गाठ बांधायची, परत. म्हणजे २०२१. तेव्हा कोविड होता, "आत्ता कुठे जाता" असं सगळेच म्हणाले. मग व्हिसाची सहा वर्षं संपत आली, पण ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा एक अर्ज मंजूर झाला होता, त्यामुळे मुदत वाढत गेली. एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांहून अधिक कार्डं द्यायची नाहीत असा तिथला नियम आहे, म्हणून आपल्या माणसांची रांग काही हलत नाही. मग मुलीची शाळा. दर वर्षी आम्ही "पुढच्या वर्षी" म्हणालो. अर्धाच तास रे!

२०२५ च्या दिवाळीला आम्ही भंडाऱ्याला येणार होतो. तिकिटं काढली होती. सप्टेंबरात एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. ते नव्या अर्जांसाठी आहे असा खुलासा दुसऱ्याच दिवशी आला, पण माझ्या पासपोर्टवरचा शिक्का संपलेला, बाहेर पडलो तर नवा कधी मिळेल याचा भरवसा नाही. वकिलाने सल्ला दिला, नका जाऊ. आम्ही तिकिटं रद्द केली. बाबा ७६ वर्षांचे आहेत. त्यांना आता जिना चढवत नाही. "काही हरकत नाही, पुढच्या वर्षी," ते म्हणाले. माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. परदेशी जाताना, किंवा भंडाऱ्याहून पुण्याला जातानासुद्धा, परत फिरण्याची वेळ खाली असताना ठरवावी आणि ती तिसऱ्या माणसाला सांगून ठेवावी. चढताना ठरवू म्हटलं की संपलं. तिथे थंडीने डोकं बधिर असतं, केलेल्या कष्टांचा मोह असतो, आणि माथा नेहमीच जवळ दिसतो.

तुम्ही म्हणाल, परत यायलाच हवं असं कुठे लिहिलंय? मुळीच नाही. कायम राहायचं ठरवून तिथे आनंदाने राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. ती मुक्कामाच्या तयारीने आलेली असतात, तंबू-अंथरूण घेऊन. माझी तक्रार आमच्यासारख्यांबद्दल आहे, जे परतीचं सामान घेऊन चढतात आणि अंधार पडला तरी चढतच राहतात. राहायचं तर तसं मोठ्याने म्हणावं. घरच्यांना तेवढं कळायला हवं, म्हणजे ते वाट पाहणं तरी थांबवतील.

आम्ही आता तारीख ठरवली आहे. जून २०२७, मुलीचं शाळेचं वर्ष संपलं की. कार्ड मिळो न मिळो. बाबांना सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॅलेंडर अजून आलं नाही त्या सालाचं. वहीत लिहून ठेवतो."

त्यांनी लिहिलं आहे. आता इथेही लिहून ठेवतोय, म्हणजे तुम्ही सगळेच तिसरी माणसं झालात. त्या जूनमध्ये मी "अर्धाच तास" म्हणायला लागलो, तर कृपया ऐकू नका.