वहाणेची पारख

कोल्हापुरी वहाणेविषयी आपल्या समाजात दोन प्रकारची घरे आढळतात. एका घरी तिला उंबऱ्याच्या आत स्थान नसते. चामड्याच्या वस्तूत पाहण्यासारखे ते काय, असे म्हटले की विषय संपतो. दुसऱ्या घरी लग्नकार्यात फेट्यासोबत ती हवीच असते, आणि ती कशापासून झाली हा प्रश्न कोणी काढत नाही. वस्तू चांगली घडली आहे काय, हा एक प्रश्न. ती आपण घ्यावी काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डोळ्यांनी व हातांनी शोधायचे असते, दुसऱ्याचे विवेकाने. या दोहोंची सरमिसळ झाली की कारागिरावर तरी अन्याय होतो, नाही तर मुक्या प्राण्यावर.

प्रथम कारागिरीचा विचार करू. कोल्हापुरी चप्पल या नावाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. यांपैकी बराचसा प्रदेश दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील जैन शेतकरी कुटुंबांचाही आहे. त्यामुळे वहाणा शिवणारी घरे व त्या न वापरणारी घरे पिढ्यानुपिढ्या एकाच गावात नांदत आली आहेत.

या वहाणेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्याला अनेक दिवस लागतात. आधुनिक कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम फार लवकर उरकते. हा भेद ओळखण्यासाठी वहाणेची कापलेली कड पाहावी. साल-हिरड्यात मुरलेले कातडे आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमच्या कातड्याचा गाभा बहुधा निळसर-करडा दिसतो. वरून दिलेला रंग डोळ्याला फसवील, कड सहसा फसवीत नाही.

त्यानंतर शिवण पाहावी. अस्सल जोडीत खिळा नसतो. तळाचे थर आणि दोन्ही बाजूंचे कान चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेले असतात. टाके सारख्या अंतरावर आहेत का, वादी कुठे सैल पडली आहे का, हे जोडी उलटी करून पाहावे. तळाच्या दोन थरांमध्ये पुठ्ठा भरून जाडी वाढविण्याची लबाडी बाजारात चालते. म्हणून कडेचे थर मोजावेत आणि तळ हाताने वाकवून पाहावा. सगळा भार कानाच्या मुळाशी येतो. तिथली शिवण कच्ची असेल तर वेणी कितीही नाजूक असो, तिचा उपयोग नाही. नवी जोडी पायाला चावते, हा दोष समजू नये. तेलाचा हात फिरविला आणि थोडे दिवस घातली की ती पायाचा आकार घेते. पावसात मात्र ती वापरू नये, कारण भिजलेला तळ फुगतो.

किंमत देताना हे सारे श्रम मोजले पाहिजेत. तळ कापणे व थर बसविणे हे काम बहुधा पुरुष करतात; वेणी, गोंडे आणि बरीचशी शिवण घरातील स्त्रिया करतात, आणि दर ठरविताना त्यांचा वाटा कोणी वेगळा धरीत नाही. जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन संस्थेने कोल्हापुरीसारखी पादत्राणे मंचावर आणली, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर तो आला. त्या प्रसंगी आपल्यापैकी अनेकांना राग आला. तो रास्तच होता. परंतु दुकानात शंभर रुपयांसाठी घासाघीस करतानाही तो आठवावा.

आता दुसरा प्रश्न. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीला ती लागू नाही, आणि वहाणेच्या जाड तळाला म्हशीचेच कातडे सोयीचे पडते. पूर्वी गावात मेलेल्या जनावराचे कातडे गावातच कमावले जाई. आज बाजारातील कातडे कत्तलखान्यातून आले नाही, अशी खात्री दुकानदार देऊ शकत नाही. आपल्याकडे हिंसेचा विचार कृत, कारित व अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी होतो. मी मारले नाही, एवढ्याने खरेदीदाराची सुटका होत नाही.

या संदर्भात गांधीजींचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. दक्षिण आफ्रिकेत कालेनबाख हे स्नेही ट्रॅपिस्ट मठातून चपला शिवण्याची विद्या शिकून आले. त्यांच्याकडून ती गांधीजींनी घेतली. तुरुंगात स्वहस्ते शिवलेला जोड त्यांनी 1914 मध्ये आपले प्रतिपक्षी जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि 1939 मध्ये आदराने परत पाठविला. हेच गांधीजी पुढे केवळ नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे चामडे वापरावे असे सांगत, आणि वर्ध्याजवळ नालवाडी येथे तशा चर्मालयाचे काम चालले. हाताच्या कामाचा मान आणि जिवाची काळजी ही दोन्ही व्रते एकाच माणसाने सांभाळली.

चामडे वर्ज्य करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब तपासावा. त्याऐवजी येणारे रेक्झिन म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेले कापड. पॉलियुरेथेनचा तळ तर दमट हवेत कपाटात पडल्या पडल्याही काही वर्षांत भुगा होतो. समारंभाच्या दिवशीच बुटाचा तळ गळून पडल्याचा अनुभव मुंबई-कोकणातील अनेक घरांना असेल. दरवर्षी असा जोड फेकून नवा घेणे अपरिग्रहात बसत नाही. म्हणून बिनचामड्याच्या जोडाचीही परीक्षा तशीच कठोरपणे करावी: तो नुसता चिकटविला आहे की शिवला आहे, तळ बदलता येतो काय, दुरुस्त करणारा जवळ आहे काय.

आपले साधू-साध्वी अनवाणी विहार करतात आणि पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. गृहस्थाला ते साधत नाही. त्याला पादत्राण लागते. ज्यांनी चामडे सोडले आहे त्यांनी ते सोडलेलेच ठेवावे. पण जाड कापड, ताग किंवा रबर घेऊन गावातल्याच कारागिराकडे जावे, त्याच्याकडून जोड शिवून घ्यावा आणि तो सांगेल ती मजुरी द्यावी. त्याच्या हातातील विद्या कातड्यावरच चालते असे नाही, आणि आपण गिऱ्हाईक म्हणून गेलो नाही तर ती टिकावी कशी?